फक्त कानाला

समोर किती माणसं बसली आहेत हे ज्याला दिसत नाही, त्याने "समोर जमलेला हा अफाट जनसमुदाय" असं म्हणू नये. मी ते कित्येक वर्षं म्हणत आलो. मोर्शीकडच्या एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मी हे वाक्य छातीठोकपणे म्हटलं, तेव्हा पहिल्या रांगेतून एक आजोबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमी चौघंच आहोत. अन् त्यातला एक सतरंजीवाला आहे." तेव्हापासून मी आधी बायकोला विचारतो आणि मगच जनसमुदायाचा आकार ठरवतो.

मी सूत्रसंचालक आहे. अमरावती-अकोल्याकडे आम्हाला 'माइकवाले' म्हणतात, आणि तेच नाव जास्त खरं आहे. लग्न, साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, निरोप समारंभ, शाळेचं स्नेहसंमेलन, शोकसभा, जिथे माइक आहे तिथे मी आहे. कॉलेजात असताना माझी नजर हळूहळू गेली. मग अमरावतीत एसटीडी बूथ टाकला. मोबाइल आले आणि बूथ गेला, पण दिवसभर फोनवर बोलून कमावलेला आवाज तेवढा शिल्लक राहिला. शेजारच्या एका लग्नात ठरलेला माइकवाला आला नाही, लोकांनी मला उभं केलं, आणि मी आजतागायत खाली बसलो नाही. काही लोक याला कर्तृत्व म्हणतात. माझी बायको सुनंदा याला बोलायची खोड म्हणते.

या धंद्यात पाठांतर चालत नाही. लोकांना वाटतं, हे सगळं भाऊंच्या डोक्यात असतं. डोक्यात माझ्या काही राहत नाही. भाजी आणायला गेलो तर कोथिंबीर विसरतो. शिवाय पाहुण्यांची नावं ऐन वेळी येतात, रुसवे ऐन वेळी होतात, आणि ज्याचं नाव सुटलं तो माणूस पुढची सगळी वर्षं ते लक्षात ठेवतो. सुरुवातीला मी ब्रेलच्या चिठ्ठ्या करून न्यायचो. एका हातात माइक, दुसऱ्या हाताचं बोट चिठ्ठीवर. त्यात कोणीतरी प्रेमाने हातात हार द्यायचा, चिठ्ठ्या खाली पडायच्या, आणि मी वधूच्या आजोबांचं स्वागत दोनदा करून वराच्या आजोबांना तसंच ताटकळत ठेवायचो.

मग लॅपटॉप आला आणि त्यातला स्क्रीन रीडर आला. पडद्यावर जे लिहिलं असेल ते हा प्रोग्राम मोठ्याने वाचून दाखवतो. आवाज यंत्राचा असतो, त्याला ना दया ना माया. आम्ही अंध लोक त्याचा वेग वाढवत वाढवत नेतो, कारण कान सरावले की सावकाश वाचन ऐकवत नाही. माझा लॅपटॉप बोलायला लागला की सुपातून ज्वारी ओतावी तसा आवाज येतो. सुनंदा इतक्या वर्षांत त्यातला एक शब्द पकडू शकलेली नाही, आणि आमच्या संसाराला ते मानवलं आहे.

पूर्वी कानातल्या वायरमुळे मी लॅपटॉपच्या टेबलाला बांधल्यासारखा असायचो. वायरलेस हेडफोन आला आणि सुटलो. लॅपटॉप स्टेजच्या बाजूला टेबलावर, मी स्टेजभर मोकळा, एका कानात हेडफोनचं ते बोंडूक. त्यावर बोटाने दाबायची जागा आहे. एकदा दाबलं की वाचन थांबतं, पुन्हा दाबलं की सुरू होतं. पटापट दोनदा दाबलं की पुढचं वाक्य, तीनदा दाबलं की मागचं. यंत्र एक ओळ कानात सांगतं, मी त्याला थांबवतो, ती ओळ माझ्या आवाजात नटवून लोकांना सांगतो, मग पुढची मागवतो. मध्ये जो क्षणभर थांबतो, त्याचं लोकांना फार कौतुक. एका प्राध्यापकांनी तर माझ्या विरामांवर छोटं भाषण केलं होतं. तेव्हा खरं तर माझं बटण नीट दाबलं जात नव्हतं.

कानातलं ते बोंडूक पाहून बहुतेकांना मी बहिराही वाटतो. "बिचारा, डोये बी गेले अन् कान बी," असं माझ्या तोंडावर म्हणतात, आणि मग माझ्याशी ओरडून बोलतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता सोडून दिलं. बहिऱ्या माणसासमोर लोक आचाऱ्याबद्दल, व्याह्याबद्दल आणि माझ्या निवेदनाबद्दल फार मोकळेपणाने बोलतात. त्यातलं माझ्याबद्दलचं सोडलं तर बाकी ऐकण्यासारखं असतं.

या सगळ्यात अर्धा धंदा सुनंदाचा आहे. ती हॉलभर फिरते, कोण आलं, कोणाचं कोण, कोण कोणाशी बोलत नाही हे काढते आणि आपल्या मोबाइलवर टाइप करते. ते तिकडे लॅपटॉपवरच्या आमच्या फाइलमध्ये उमटतं आणि माझ्या कानात येतं. यात एकच धोका असतो. कानात आलेलं सगळंच लोकांना सांगायचं नसतं, पण तोंडाला एकदा लय लागली की ते विचारत नाही. नांदगाव खंडेश्वरच्या एका शाळेत मी भारदस्त आवाजात म्हणालो, "आता मी विनंती करतो आपले आदरणीय मुख्याध्यापक, सदऱ्यावर वरणाचा डाग आहे, हात छातीवर ठेवा." डाग माझ्या सदऱ्यावर होता आणि सूचना सुनंदाची होती. पण मुख्याध्यापकांनी घाईघाईने छातीवर हात ठेवला, आणि त्यांच्या मागे बसलेल्या सगळ्या शिक्षकांनीही ठेवला. लोकांना वाटलं राष्ट्रगीत सुरू होणार, म्हणून सगळे उभे राहिले.

त्या दिवसापासून सुनंदाने नियम केला. माझ्यापुरती सूचना असली की आधी 'फक्त कानाला' असं लिहायचं. हे दोन शब्द ऐकू आले की माझं तोंड आपोआप बंद होतं. आमच्या घरात इतर कशानेही ते होत नाही.

एवढं सगळं सांगितलं ते अकोल्याच्या साक्षगंधासाठी. माझ्या धंद्यातला तो सगळ्यात फजितीचा दिवस, आणि तो दिवस आयुष्यातून वगळा असं कोणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन.

रामदासभाऊ मोर्शीकडचे, संत्र्याची बाग असलेले. ते आमच्या घरी आले तेव्हा बराच वेळ पाण्याचा पेला हातात धरून नुसते बसले होते. त्यांची मुलगी पल्लवी जन्मापासून अंध. अमरावतीत बँकेत नोकरीला. हिवरखेडच्या निखिलने तिला मागणी घातली होती. मुलगा डोळस, शिकलेला, शेतीही पाहणारा. त्याच्या वडिलांनी होकार दिला होता. आई विमलबाईंचा मात्र होकारही नव्हता आणि नकारही नव्हता.

"त्या म्हनते, साक्षगंधाले येतो, पाह्यतो, अन् मंगच काय ते कुकू लावतो," रामदासभाऊ म्हणाले. "आता साऱ्या लोकांसमोर सासूनं कुकू नाई लावलं, तं पोरीनं काय करावं? पोरगं म्हनते मी आईले समजावतो. पन पोरगी म्हनते, त्यायच्या मनाविरुद्ध मी त्या घरात पाय ठेवत नाई."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुमी फक्त माइकवर उभे राहा. डोये नसले तरी मानूस कसा सारा कार्यक्रम पेलते, हे त्या बाईले दिसलं पाह्यजे."

माझी छाती अशी फुगली की सुनंदाने खोकून दाखवलं. तमाम दृष्टिहीनांचा नमुना म्हणून अकोल्यात माझी मांडणी होणार होती. संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. तिने एवढंच सांगितलं, "काका, माझी ओळख करून देताना 'अंध असूनही' असं म्हणू नका." मी म्हटलं, बाळा, मला स्वतःला लोकांनी प्रत्येक स्टेजवर याच दोन शब्दांनी चढवलं आहे, मी तुला तसं चढवणार नाही. हे वचन मी पाळलं. त्या दिवशी पाळलेली तेवढी एकच गोष्ट.

अकोल्याच्या मंगल कार्यालयात आम्ही पोचलो तेव्हा साउंडवाले सलीमभाई आपल्या मोबाइलवरून सनई वाजवत होते. सनई रंगात आली की त्यांच्या घरून फोन यायचा आणि आठही भोंग्यांतून दूध आणायची आठवण व्हायची. तिसऱ्यांदा दूध आलं तेव्हा मी पुढे झालो. म्हटलं, "सलीमभाई, सनई माझ्या लॅपटॉपवर आहे. लावा तुमची पिन." खरं तर हे माझं काम नव्हतं. पण नमुना म्हणून आलेल्या माणसाने थोडं जास्तच काम करून दाखवायचं असतं, असं मला वाटलं.

"मेरे को क्या भाऊ, एक पिनच तर लावायची आहे," सलीमभाई म्हणाले आणि लॅपटॉप त्यांच्या मशीनला जोडला.

सनई संपली. मी हेडफोन जोडला, लॅपटॉपचा आवाज माझ्या कानात आला, आणि कार्यक्रम सुरू झाला. सलीमभाईंची पिन तशीच लागलेली राहिली. हेडफोनचा संपर्क तुटला तर लॅपटॉपचा आवाज त्या पिनेतून थेट भोंग्यांवर जाणार, हे शाळकरी मुलालाही कळलं असतं. मला तेव्हा टाळ्या ऐकू येत होत्या, म्हणून कळलं नाही.

सुरुवात झकास झाली. पल्लवी स्टेजवर पाटावर येऊन बसली. मी तिची ओळख करून दिली, बँकेतलं काम सांगितलं, हिवरखेडच्या पाहुण्यांचं स्वागत केलं. कानात मधूनमधून सुनंदा यायची. "फक्त कानाला. वराचे मामा आले आहेत, त्यांना माइक देऊ नका, ते परत देत नाहीत." "फक्त कानाला. मुलीच्या आत्याचं नाव राहिलं, फुगल्या आहेत." मी सगळं निस्तरत होतो. मग कुंकवाची वेळ झाली. मुलाकडच्या बायका मुलीला कुंकू लावून ओटी भरतात, आणि सुरुवात सासूने करायची असते. मी विमलबाईंना आदराने पाचारण केलं. कोणी आलं नाही.

कानात ओळ आली. "फक्त कानाला. वराच्या आई शेवटच्या रांगेत आहेत. रुसल्या आहेत. त्यांचं नाव दोनदा घ्या, म्हणजे समोर येतील."

नाव दोनदा घ्यायचं, एवढंच करायचं होतं. पण मी विचार केला, नुसतं नाव काय घेतोस? वायरलेस माणूस आहेस, जा की त्यांच्यापर्यंत. स्टेजपासून मागच्या रांगेपर्यंत मधोमध गालिचा होता, तो पायाला कळत होता. मी माइक हातात घेऊन खाली उतरलो आणि मंद पावलं टाकत निघालो. हॉलमध्ये कुजबुज झाली. मला वाटलं, काय प्रभाव पडतोय. मातृत्वावर एक उतारा मी फाइलमध्ये लिहून ठेवला होता. त्याच्या आधी मागचं एकदा पुन्हा ऐकावं म्हणून मी बटण तीनदा दाबलं. आवाज तुटक आला, म्हणून पुन्हा दाबलं, दाबतच गेलो. फाइल थेट सुरुवातीला गेली, वाचन सलग सुरू झालं, आणि नेमक्या त्याच वेळी मी हेडफोनच्या टप्प्याबाहेर गेलो. कान मुका झाला. मग वरून, आठ भोंग्यांतून, माझा स्क्रीन रीडर बोलायला लागला.

मी कानातलं बटण दाबत सुटलो. पण ते आता कशालाच जोडलेलं नव्हतं. कोणी म्हणालं शॉर्टसर्किट झालं, कोणी म्हणालं भोंग्यात गांधीलमाश्या शिरल्या. लहान पोरं रडायला लागली. सलीमभाईंनी घाईत भलतंच बटण फिरवलं आणि आवाज आणखी वाढला. सुनंदा हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती, ती टेबलाकडे धावली. लोकांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. मला सगळं कळत होतं. मामा गेले, आत्या गेल्या, 'फक्त कानाला, फक्त कानाला' असं साऱ्या अकोल्याला ओरडून सांगत यंत्र विमलबाईंच्या ओळीपर्यंत पोचलं, आणि तेव्हा सुनंदाने ते बंद केलं.

त्या शांततेत स्टेजवरून हसण्याचा आवाज आला. पल्लवी हसत होती. आवरायचा प्रयत्न करत होती आणि तिला आवरत नव्हतं.

माझ्या अगदी जवळून एक बाई म्हणाल्या, "हे पोरगी काहून हासून राहिली?"

माझ्या हातातला माइक चालूच होता. विमलबाईंचा प्रश्न आठही भोंग्यांतून गेला. रामदासभाऊंनी ज्यासाठी मला आणलं होतं त्याचं मी मातेरं केलं होतं, आणि वर ती मुलगी सासूवर हसते असं झालं होतं.

"काकू, चुकलं माझं," पल्लवी स्टेजवरून म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता, माइकची गरज नव्हती. "मी तुमच्यावर नाही हासली. ते मशीन बोलत होतं, ते मले समजलं."

"कोन्तं मशीन? ते तं नुसतं किरकिर करून राहिलं होतं."

"मराठीतच बोलत होतं. फक्त जल्दी बोलते. बँकेत मी दिवसभर तसंच ऐकते."

"मंग सांग काय म्हनलं ते."

पल्लवीने सुरुवात केली. पाहुण्यांची नावं तिने ओळीने म्हणून दाखवली, एकही इकडचं तिकडे न करता. आत्याच्या फुगण्यावर बायका खुदखुदल्या. "वराच्या मामांना माइक देऊ नका, ते परत देत नाहीत," ती म्हणाली, तेव्हा एक जाड आवाज म्हणाला, "बराबर आहे. मी नाई देत." सगळा हॉल हसला. मला मात्र हसू येईना, कारण पुढे काय आहे ते मला माहीत होतं.

तिलाही माहीत होतं. ती थांबली.

"थांबली काहून?" विमलबाई म्हणाल्या. "माह्यासाठी काय होतं?"

तिने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. कोणाला कळलं होतं? मी तिच्या जागी असतो तर वात्सल्याची मूर्ती, संस्कारांची खाण, असं पोतंभर ओतलं असतं. मनातल्या मनात मी तिला अगदी विनवत होतो, बाळा, खोटं बोल, आज एवढं एकदा बोल.

"होतं की," पल्लवी म्हणाली, "वराच्या आई रुसल्या आहेत. त्यांचं नाव दोनदा घ्या, म्हणजे समोर येतील."

कोणी हसलं नाही. विमलबाईंचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांनी बांगड्या मागे सारल्या, पदर सावरला.

"दोनदा घेतल्यानं नाई येत मी," त्या म्हणाल्या. "तीनदा घ्या लागते."

मला कळायला थोडा वेळ लागला की हे मला आहे. कानात काही नव्हतं. पहिल्यांदाच माझ्याकडे सांगायला ओळ नव्हती, आणि जे विशेषण एरवी मी कोणालाही लावतो तेही सुचत नव्हतं. मी नुसतं नाव घेतलं. विमलबाई. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा माझा आवाज फाटला होता. खुर्ची सरकली. "हे धरा," असं म्हणून त्यांनी आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि त्या गालिच्यावरून पुढे गेल्या.

मी तिथेच उभा राहिलो, एका हातात माइक, दुसऱ्या हातात पिशवी. पुढे काय चाललं आहे ते मला दिसत नव्हतं आणि सांगणारा कान मेलेला होता. सगळा हॉल गप्प होता. एवढ्या वर्षांत मी कितीतरी गोष्टी न पाहता लोकांना रंगवून सांगितल्या, आणि ही एकच मला स्वतःला पाहायची होती. ती मुलगी आमच्यातली होती, आणि तिला तिथे नाकारलं असतं तर ते मला सोसवलं नसतं. मग समोरून बायकांचा गलका उठला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, रामदासभाऊंचा आवाज आला की मला तसा वाटला, नक्की सांगता येत नाही. सुनंदा येऊन माझ्या कोपराला धरून उभी राहिली.

"लावलं का?" मी विचारलं.

"लावलं," ती म्हणाली. "कपायभर लावलं. अन् आता तो माइक खाली घ्या. तुमी रडून राहिले ते साऱ्या हॉलले ऐकू जाऊन राहिलं."